दर दोन तासांनी

उदगीरला, नळेगाव रस्त्याला, जुन्या जिनिंगच्या मागं
आमचं निवासी सेवाकेंद्र.
खाटा एकतीस.
त्यातल्या अकरा जणांना
स्वतःहून कूस बदलता येत नाही.
मी इथली व्यवस्थापक. म्हणजे किल्ल्या माझ्याकडे,
डायपरचा हिशेब माझ्याकडे,
आणि कुणाचा मुलगा पुण्याहून ओरडला
तर तो फोनही माझ्याकडे.

मार्चात प्रशिक्षण झालं.
लातूरहून एक गृहस्थ आले प्रोजेक्टर घेऊन.
टेबलावर प्लास्टिकचा बाहुला निजवला.
दर दोन तासांनी वळवायचं, म्हणाले,
आणि बाहुला मुकाट वळला.
त्याला वजन नव्हतं, लाज नव्हती,
वळताना तो 'आई गं' म्हणाला नाही.
मग पोहे झाले.
प्रमाणपत्रं लॅमिनेट होऊन जिन्याच्या भिंतीवर लागली.
नऊपैकी सहा जणी दिवाळीपर्यंत सोडून गेल्या.
प्रमाणपत्रं अजून कामावर आहेत.

एकदा मी वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं होतं:
एका माणसाला दोघी, आठ मिनिटं.
अकरा आठे अठ्ठ्याऐंशी.
उरली बत्तीस.
त्यात ओल्या चादरी, कोरडे घसे,
आणि देगलूरची एसटी येईल म्हणून
रोज रात्री पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या गयाबाई.
दोघींतली एक रजेवर असली
की पाढाच संपला.

तरी तक्ता भरलेला असायचा.
दहा, बारा, दोन, चार,
एकाच पेनानं, एकाच दमात, पहाटे चहा उकळेपर्यंत.
मला कळायचं.
मी खाली सही करायची.
तपासणीचे साहेब तक्त्यावरून बोट फिरवत म्हणाले, छान.
बिराजदार गुरुजींच्या माकडहाडाशी
रुपयाएवढी जागा लाल झाली होती.
तिला तक्त्यात रकाना नव्हता.

मग रात्रपाळीला पंचशीला सोनकांबळे आली.
तिसऱ्याच दिवशी रकान्यात:
नाही झालं.
पुढच्या रात्री: दोनला झालं. चारला नाही. एकटी होते.
विश्वस्त मालशेटवार वकील म्हणाले,
पान फाडा बाई, उद्या कागदच बोलतो.
मी तिला बोलावलं.
ती उभ्यानंच म्हणाली,
"झालं म्हणून लिहिलं की सकाळच्या पोरी निवांत राहायलेत.
न्हाई लिहिलं की आधी गुरुजीकडं पळायलेत."
मी ड्रॉवर उघडला, बंद केला.

नवी मुलगी लागली, शाहिस्ता.
पंचशीलानं तिला बाहुला दाखवला नाही
(तो कपाटात आहे, एक पाय निखळलेला).
सात नंबरच्या रिकाम्या खाटेवर निजवलं,
पाठीखाली चादरीची एक चुणी तशीच राहू दिली.
"हलायचं न्हाई. मी येईस्तोवर."
आणि भांडी विसळायला गेली.
पंचवीस मिनिटांनी शाहिस्ता म्हणाली,
"ताई, खाली कायतरी टोचायलंय."
"चुणी हाय. गुरुजीलाबी टोचती.
त्येला सांगता येत न्हाई."

त्या रात्री दार लोटून मीही सातवर आडवी झाले.
पंख्याच्या एका पात्याला जाळं लोंबत होतं.
इतक्या वर्षांत खालून कधी पाहिलंच नव्हतं.
कपाळावर डास बसला.
हात होता. उचलायचा नव्हता.
चुणी आधी दोऱ्याएवढी,
मग दोरीएवढी,
मग तिच्याशिवाय अंगात दुसरं काही उरलं नाही.
चाळीस मिनिटं. पुढे नाही जमलं.

उठून पत्र लिहिलं: रात्रपाळीला तिसरी बाई हवी.
पंचशीलाच्या त्या पानांची झेरॉक्स जोडली.
पानं वहीतच आहेत.
उत्तर नाही. बैठक पुढच्या महिन्यात.

काल दोनच्या रकान्यात
उर्दू शाळेत शिकलेल्या हाताचं चाचरतं मराठी,
वेलांट्या चुकलेल्या:
गुरुजीला डावी कुशी दिली. चुनी काडली.
चारला: नाही. गयाबाई फाटकात.

खाली मी सही केली.